फ्लोटिंग लायसन्स टीममध्ये कसं चालवायचं: बेळगाव परिसरातल्या डिझाइन विभागांसाठी

उद्यमबाग, मच्छे किंवा हत्तरगीकडच्या कारखान्यांच्या डिझाइन विभागात सकाळी अकराच्या सुमाराला एक हाक हमखास ऐकू येते: "अरे, कुणीतरी लायसन्स सोडा रे!" ग्राहक फोनवर थांबलेला असतो, ड्रॉइंग उघडायचं असतं आणि स्क्रीनवर येतं की ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरची, टीममध्ये वाटून वापरायची (म्हणजे फ्लोटिंग) सगळी लायसन्सं वापरात आहेत. असं चार-पाच वेळा झालं की मालकांना वाटतं, आता आणखी एक लायसन्स घ्यावंच लागणार. डीलरचंही मत तेच पडतं.

घ्यायचं असेल तर जरूर घ्या, पण त्याआधी महिनाभर नीट बघा. लायसन्स उचलतं कोण, धरून ठेवतं कोण आणि सोडायला विसरतं कोण, हे कळल्याशिवाय नवीन लायसन्स घेतलं तर तेही आठवड्याभरात कुणाच्या तरी बंद न केलेल्या खिडकीत अडकून बसतं. लहान टीममध्ये तुटवडा बहुतेक वेळा संख्येचा नसतो, परत करण्याचा असतो. तो कसा ओळखायचा आणि कसा सोडवायचा, ते इथं क्रमानं सांगतो.

आधी आपल्याकडं नेमकं काय आहे ते बघा

बिल आणि करार काढून समोर ठेवा. साधारण तीन प्रकार दिसतील. पहिल्यात लायसन्स एका ठराविक कॉम्प्युटरला बांधलेलं असतं, त्या मशीनवर कोणीही बसलं तरी चालतं. दुसऱ्यात ते माणसाच्या नावावर असतं. त्याच्या ईमेलनं लॉगिन करायचं आणि ते दुसऱ्याला वापरायला द्यायचं नाही. तिसरं फ्लोटिंग. सॉफ्टवेअर दहा मशीनवर टाका, पण एका वेळी चालणार जेवढी लायसन्सं घेतलीत तेवढ्याच ठिकाणी.

कंपन्या हे प्रकार मधेच बदलतात, म्हणून करार बघायला सांगतोय. ऑटोकॅड बनवणाऱ्या ऑटोडेस्कनं ऑगस्ट २०२० पासून नेटवर्कवर वाटून घ्यायची सबस्क्रिप्शन बंद करत आणली आणि ग्राहकांना माणसाच्या नावावरच्या लायसन्सकडं वळवलं. त्यामुळं "आमचं ऑटोकॅड नेटवर्कवर आहे" असं अजून कोणी म्हणत असेल तर ते आजही खरं आहे का, हे कागदावर तपासा. नावावरचा एक लॉगिन तीन जणांनी आळीपाळीनं वापरणं म्हणजे फ्लोटिंग नव्हे, तो कराराचा भंग आहे.

अकाउंट विभागातल्या टॅलीशीही गल्लत करू नका. टॅलीचं गोल्ड घेतलं की ऑफिसच्या एकाच नेटवर्कवर कितीही जण बसू शकतात, तिथं मोजणी नसते. कॅड (ड्रॉइंग आणि मॉडेल), कॅम (मशीनसाठीचा प्रोग्रॅम), कास्टिंग सिम्युलेशन (ओतकामाची कॉम्प्युटरवरची चाचणी) अशा सॉफ्टवेअरचं फ्लोटिंग मात्र काटेकोर मोजलेलं असतं.

आत काय चालतं

टूल स्टोअरची टोकन पद्धत आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. कारागीर आपल्या नंबराचा बिल्ला देतो, मायक्रोमीटर घेतो, आणि मायक्रोमीटर परत येईपर्यंत बिल्ला खुंटीवर लटकलेला राहतो. लायसन्स सर्व्हर म्हणजे ते स्टोअर. तुम्ही सॉफ्टवेअर उघडलं की तुमचं मशीन सर्व्हरला विचारतं, एखादं शिल्लक आहे का? असेल तर सर्व्हर तुमच्या नावावर नोंद करून ते देतो. नसेल तर नकार देतो आणि त्याचीही नोंद ठेवतो. सॉफ्टवेअर बंद केलं की ते परत जमा.

कॅड-कॅमच्या क्षेत्रात यासाठी सर्वांत जास्त वापरली जाणारी यंत्रणा म्हणजे फ्लेक्सनेट, जुन्या लोकांच्या तोंडी फ्लेक्सएलएम. तिच्यात दोन प्रोग्रॅम असतात. एलएमजीआरडी हा दारावरचा, तो चौकशी ऐकून घेतो. दुसरा सॉफ्टवेअर कंपनीचा स्वतःचा, त्याला व्हेंडर डिमन म्हणतात, आणि खरी मोजणी तोच करतो. सॉलिडवर्क्स या कॅड सॉफ्टवेअरमध्ये त्याचं नाव एसडब्ल्यू_डी, मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरमध्ये एमएलएम. लायसन्स फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघा, घाबरण्यासारखं काही नाही. सर्व्हरच्या ओळीत मशीनचं नाव, त्याची ओळख आणि पोर्ट (ज्या क्रमांकावर प्रोग्रॅम चौकशी ऐकतो तो) असतो. व्हेंडरच्या ओळीत डिमनचं नाव. खाली प्रत्येक मॉड्यूलची, म्हणजे सॉफ्टवेअरच्या वेगळ्या मोजल्या जाणाऱ्या भागाची, एक ओळ: नाव, आवृत्ती, मुदत आणि संख्या. बघा, पण हात लावू नका. त्या ओळींवर कंपनीची सही असते, संख्या किंवा तारीख बदलली की ती ओळ बाद होते.

मोजणी मॉड्यूलनिहाय होते, हे टीममधल्या प्रत्येकाला कळायला हवं. कॅडची पाच आणि सिम्युलेशनचं एक असेल, तर ज्यानं सकाळी सिम्युलेशन टूलबार सुरू करून ठेवला त्यानं ते एकुलतं एक उचललेलं असतं, दिवसभर तो साधं ड्रॉइंग करत असला तरी. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये अशी जोडणी सुरू होतानाच आपोआप लोड व्हायची सोय असते आणि पहिल्या दिवशी कोणीतरी तिथं टिक करून ठेवलेली असते. आधी ती टिक काढा. फाउंड्रीच्या मेथडिंगवाल्यांना (ओतकामाची पद्धत ठरवणाऱ्यांना) दोन-दोन दिवस सिम्युलेशन न मिळण्याचं कारण अनेकदा एवढंच निघतं.

मशीन आणि सर्व्हर मधून मधून एकमेकांची चौकशी करत राहतात, फ्लेक्सनेटमध्ये साधारण दर दोन मिनिटांनी. सर्व्हर दिसेनासा झाला तर सॉफ्टवेअर काही वेळ वाट बघतं, मग इशारा देतं, आणि कंपनीनं ठरवलं असेल त्याप्रमाणे थांबतं किंवा बंद पडतं. उलट बाजूनं, एखाद्याचं मशीन अचानक बंद पडलं तर त्याच्या नावावरचं लायसन्स लगेच सुटेलच असं नाही. कधी काही मिनिटांत सुटतं, कधी बराच वेळ अडकून राहतं.

सर्व्हर कुठं ठेवायचा

यासाठी मोठा सर्व्हर लागत नाही. लायसन्स वाटण्याचं काम अगदी हलकं आहे, जुना पण धड असलेला डेस्कटॉप पुरतो. तो चोवीस तास चालू राहणारा आणि कोणी रोज वापरत नसलेला असावा. मालकांचा लॅपटॉप किंवा सर्वांत सीनियर डिझायनरचं मशीन यासाठी कधीच घेऊ नका. ते रीस्टार्ट झालं की सगळ्या टीमचं काम थांबतं.

लायसन्स फाइल त्या मशीनच्या ओळखीला बांधलेली असते, बहुतेक वेळा नेटवर्क कार्डाच्या मॅक पत्त्याला, कधी यूएसबी डोंगलला. ही ओळख एलएमहोस्टआयडी या कमांडनं दिसते. फाइल मागवताना मदरबोर्डावरच्या वायर्ड नेटवर्क कार्डाचा पत्ता द्या. वायफायचा किंवा यूएसबी अडॅप्टरचा दिलात तर अडॅप्टर काढला त्या दिवशी सर्व्हर बंद. मदरबोर्ड बदलला तर फाइल नव्यानं घ्यावी लागते आणि त्यात डीलरकडं दिवस जातात, तेव्हा दुरुस्तीला मशीन द्यायच्या आधी हा विचार करा.

मशीनला कायमचा आयपी पत्ता आणि नाव द्या, नंतर ते बदलू नका. दोन्ही प्रोग्रॅम विंडोज सर्व्हिस म्हणून चालतील असं लावा, म्हणजे कोणी लॉगिन केलं नाही तरी मशीन चालू झाल्याबरोबर ते सुरू होतात. पोर्टचा भाग अनेकांकडून राहून जातो. फ्लेक्सनेटचा ठरीव पट्टा २७००० ते २७००९ आहे, सॉलिडवर्क्स २५७३४ आणि २५७३५ वापरतं. पण व्हेंडर डिमनचा पोर्ट फाइलमध्ये नेमून दिला नसेल तर तो दर वेळी वेगळा निवडला जातो. मग रीस्टार्टनंतर फायरवॉल त्याला अडवते आणि "काल चालत होतं, आज चालेना" अशी तक्रार सुरू होते. व्हेंडरच्या ओळीत पोर्ट पक्का लिहा (ही भर घालायला परवानगी असते) आणि फायरवॉलमध्ये दोन्ही पोर्ट मोकळे करा.

विजेसाठी करायच्या गोष्टी

आपल्याकडं हा भाग वेगळा सांगायलाच हवा. हेस्कॉमचं देखभालीचं शटडाऊन असो किंवा पावसाळ्यात खानापूर रोडला झाड पडून गेलेली वीज असो, जनरेटर चालू होईपर्यंतची दोन-तीन मिनिटं ठरलेलीच. डिझायनरच्या मशीनला यूपीएस आहे, सर्व्हरलाही आहे, तरी सगळ्यांचं कॅड एकदम थबकतं. असं झालं तर मधला नेटवर्क स्विच बघा. तो कुठंतरी भिंतीवर साध्या सॉकेटला लावलेला असतो. त्याची वीज गेली की दोन्ही टोकं चालू असूनही एकमेकांना दिसत नाहीत. सर्व्हर, स्विच आणि शाखा व्हीपीएननं (इंटरनेटवरून केलेल्या सुरक्षित खासगी जोडणीनं) जोडली असेल तर राउटर, तिन्ही एकाच यूपीएसवर घ्या. सगळ्या लायसन्स व्यवस्थेतला हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी खर्च आहे.

दुसरं, सर्व्हरच्या बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज परत आली की मशीन आपोआप चालू होण्याची सोय असते, ती लावून ठेवा. नाहीतर रविवारच्या शटडाऊननंतर सोमवारी पहिल्या पाळीचा सीएनसी प्रोग्रॅमर आठ वाजता येऊन बसतो आणि सर्व्हरच्या खोलीची किल्ली असणारा माणूस साडेनऊला येतो.

तिसरं, घड्याळ. जुन्या डेस्कटॉपची मदरबोर्डावरची छोटी बॅटरी संपली की पूर्ण वीज गेल्यावर तारीख कित्येक वर्षं मागं जाते. लायसन्स यंत्रणा मागं गेलेली तारीख खपवून घेत नाही, कारण मुदत चुकवायचा तो जुना मार्ग आहे. बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलून टाका आणि वेळ इंटरनेटवरून जुळवायला लावा.

एकाऐवजी तीन सर्व्हर एकत्र लावायची सोयही फ्लेक्सनेटमध्ये आहे. तिघांपैकी दोन चालू असले की काम चालतं. आठ-दहा जणांच्या टीमला तिची गरज नाही. तीन मशीन सांभाळण्याच्या त्रासापेक्षा एक मशीन नीट सांभाळणं बरं.

डिझायनरच्या मशीनवर

इथं फारसं काही नाही. सॉफ्टवेअर टाकताना सर्व्हरचा पत्ता विचारला जातो, तो पोर्ट, ॲटचं चिन्ह आणि सर्व्हरचं नाव अशा क्रमानं द्यायचा. सॉफ्टवेअर उघडायला मिनिटभर लागत असेल तर यादीत जुन्या, बंद झालेल्या सर्व्हरचं नाव राहिलंय का ते बघा. आधी त्याचं दार ठोठावून, कंटाळून मग ते नव्याकडं जातं. आणि सर्व्हरवरची लायसन्स यंत्रणा डिझायनरच्या सॉफ्टवेअरमधल्या यंत्रणेइतकी नवी किंवा त्याहून नवी असावी. नवी आवृत्ती टाकायची झाली तर आधी सर्व्हर, मग बाकीची मशीनं.

महिनाभर नोंद ठेवा

आता मूळ कामाकडं. एलएमस्टॅट ही कमांड ‘-ए’ जोडून चालवली की या क्षणी कोणतं मॉड्यूल कोणाकडं, कोणत्या मशीनवर आणि किती वाजल्यापासून आहे, हे दिसतं. कमांड लिहायची सवय नसेल तर बहुतेक कंपन्या एक साधी खिडकीही देतात, त्यात हीच माहिती असते.

एका क्षणाच्या चित्रावरून मात्र काही ठरवू नका. सर्व्हरची लॉग फाइल चालू ठेवा. तिच्यात प्रत्येक उचल आउट म्हणून, प्रत्येक परत इन म्हणून आणि प्रत्येक नकार डिनाइड म्हणून वेळेसह उतरतो. एक महिना जाऊ द्या, आणि त्या महिन्यात ग्राहकाच्या डिस्पॅचची धावपळ असलेले दिवस आले पाहिजेत. गणेशोत्सवाच्या आठवड्यातली नोंद घेऊन हिशोब मांडलात तर तो चुकणार, अर्धा विभाग गावी असतो.

नकार मोजताना फसगत होऊ शकते. एकानं चिडून पाच वेळा क्लिक केलं तर पाच नकार नोंदले जातात. काही सॉफ्टवेअर एकाच प्रयत्नात दोन-तीन मॉड्यूल मागून बघतं, त्यामुळंही ओळी वाढतात. म्हणून ओळी मोजू नका. कोणाला, किती वाजता नकार मिळाला आणि त्याला पुढं किती वेळानं लायसन्स मिळालं, ते मांडा. दोन मिनिटांत मिळालं असेल तर तो तुटवडा म्हणायचा नाही. चाळीस मिनिटं थांबावं लागलं असेल तर ती ओळ लाल करा.

एक काल्पनिक हिशोब करून बघू. आठ जण, पाच लायसन्सं, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. पाच लायसन्सांचे नऊ तास म्हणजे दिवसाला ४५ तास उपलब्ध. प्रत्येकाचं प्रत्यक्ष कॅडवरचं काम चार तास धरलं तर लागतात ३२. सरासरीनं तेरा तास उरतात, तरी अकरा वाजता हाका पडतातच, कारण त्या वेळी आठपैकी सात जणांना एकदम हवं असतं आणि साडेतीन वाजता तिघांनाच. सरासरी इथं उपयोगाची नाही, गर्दीचा तास बघावा लागतो. त्या तासात पाच जण लायसन्स धरून बसलेत, त्यातले खरोखर काम करणारे किती, हा पुढचा प्रश्न. याचं उत्तर लॉगमधून मिळत नाही, उठून टेबलाटेबलावर जाऊन बघावं लागतं. कोणी शॉप फ्लोअरवर पॅटर्न तपासायला गेलेला असतो, कोणी मीटिंगमध्ये, कोणाचं मॉडेल उघडं आहे पण तो एक्सेलमध्ये बिल ऑफ मटेरियल करतोय.

आणखी एक वर्ग सापडेल: फक्त बघणारे. क्वालिटीवाला एक माप बघायला पूर्ण कॅड उघडतो, परचेसवाला वजन बघायला. त्यांना लायसन्स लागतच नाही. सॉलिडवर्क्सच्या फाइलसाठी ईड्रॉइंग्ज हा मोफत व्ह्यूअर आहे, इतर सॉफ्टवेअरलाही असे व्ह्यूअर मिळतात, आणि शॉप फ्लोअरला पीडीएफ पुरतं. या लोकांना व्ह्यूअर लावून दिला की अनेक ठिकाणी दुपारची ओढाताण तिथंच मिटते.

नियम सर्व्हरलाच शिकवा

व्हेंडर डिमनसाठी एक ऑप्शन्स फाइल ठेवता येते. साधी मजकूर फाइल, एका ओळीत एक नियम. यातले कोणते आणि कोणत्या क्रमानं वापरायचे, यावर माझं ठाम मत आहे.

सर्वांत आधी टाइमआउट. सॉफ्टवेअर उघडं आहे पण माणूस काही करत नाही, असं ठरलेल्या वेळेपर्यंत चाललं की सर्व्हर लायसन्स काढून घेतो. तो माणूस परत आला की सॉफ्टवेअर पुन्हा मागतं. शिल्लक असेल तर काम पुढं चालू, नसेल तर थांबायचं. म्हणून टाइमआउट लावण्याआधी सगळ्यांना बसवून सांगा की जागेवरून उठताना फाइल सेव्ह करायची. वेळ सेकंदांत लिहितात. ९०० म्हणजे पंधरा मिनिटं, पण ती फारच कमी होते, माणूस चहाला जाऊन येईपर्यंत लायसन्स गेलेलं असतं. ४५ मिनिटं ते एक तास, म्हणजे २७०० ते ३६००, बरं पडतं. कंपनीनं किमान मर्यादा ठेवलेली असेल तर त्याहून कमी आकडा लागू होत नाही, आणि काही सॉफ्टवेअर टाइमआउट मानतच नाहीत. म्हणून लावल्यावर दोन दिवस लॉग बघून खात्री करा.

दुसरं मॅक्स. एखाद्या गटाला एका वेळी जास्तीत जास्त किती, ही मर्यादा. ट्रेनी पोरं दोनाच्या वर जाऊ नयेत, एवढं यानं साधतं.

तिसरं रिझर्व्ह, म्हणजे राखीव, आणि इथं मी हात आखडता घ्यायला सांगेन. मालक म्हणतात, चीफ डिझायनरसाठी एक राखून ठेवा. ठेवता येतं. पण राखीव लायसन्स तो माणूस रजेवर असला तरी कोणालाच मिळत नाही, आणि पाचातलं एक राखलं की बाकी सात जणांना उरतात चारच. मॅक्सनं काम भागत असेल तर रिझर्व्ह लावू नका.

इन्क्लूड आणि एक्सक्लूडही आहेत. इन्क्लूडमध्ये एक नाव लिहिलं की बाकीच्या सगळ्यांना ते मॉड्यूल आपोआप बंद होतं, हे लक्षात ठेवून वापरा. नावं विंडोजच्या लॉगिनमध्ये जशी आहेत तशीच लिहा, लहान-मोठ्या अक्षरांच्या फरकानं नियम लागू होत नाही. फाइल बदलल्यावर एलएमरीरीड ही कमांड चालवा, म्हणजे सर्व्हर ती पुन्हा वाचतो. काही बदल त्यानं लागत नाहीत, मग पाळी सुटल्यावर सर्व्हिस रीस्टार्ट करायची.

बाहेरगावी नेण्यासाठी उसनं घेणं

पुण्याला किंवा होसूरला ग्राहकाकडं लॅपटॉप घेऊन जायचं असेल तर बॉरो करायची सोय असते. ठरावीक दिवसांसाठी लायसन्स त्या लॅपटॉपवर जातं आणि सर्व्हरशी संपर्क नसला तरी चालतं. सॉलिडवर्क्समध्ये ते जास्तीत जास्त ३० दिवस नेता येतं. तेवढे दिवस घरच्या मोजणीतून एक कमी झालेलं असतं, वापरा किंवा वापरू नका.

त्यामुळं दोन दिवसांच्या दौऱ्याला दोनच दिवस मागा. काम लवकर झालं तर त्याच लॅपटॉपवरून आधी परत करता येतं, दुसऱ्या मशीनवरून नाही. लॅपटॉप रेल्वेत हरवला किंवा त्याची डिस्क गेली तर मुदत संपेपर्यंत ते लायसन्स तसंच अडकतं, आणि म्हणूनच महिनाभराची मुदत घालायची नाही. ऑप्शन्स फाइलमध्ये उसनवारीचे जास्तीत जास्त तास आणि घरी किमान किती उरलीच पाहिजेत, या दोन्ही मर्यादा घालता येतात. पाचांपैकी तीन घरी राहिलीच पाहिजेत, असं लावून टाका.

सीमेपलीकडची शाखा

आपल्याकडच्या कितीतरी कारखान्यांचं एक पाऊल बेळगावात आणि दुसरं शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एमआयडीसीत असतं. निपाणी-संकेश्वरकडचे लोक तर रोज इकडून तिकडं कामाला जातात. साहजिकच विचार येतो, लायसन्सं दोन्हीकडं वाटून घ्यावीत.

तांत्रिक बाजू सोपी आहे. दोन ऑफिसांमध्ये व्हीपीएन लावा आणि शिरोलीच्या मशीनला बेळगावच्या सर्व्हरचा पत्ता द्या. लायसन्सच्या देवाणघेवाणीला इंटरनेटचा वेग फारसा लागत नाही, पण लाइन सारखी तुटत असेल तर त्रास होतो. व्हीपीएनचा खर्च वाचवायला लायसन्सचा पोर्ट सरळ इंटरनेटवर उघडून ठेवू नका. आयटीवाला तसं सुचवत असेल तर ठामपणे नाही म्हणा.

कराराची बाजू आधी बघा. काही करार लायसन्स एकाच पत्त्यावरच्या ऑफिसापुरतं देतात, काही ठराविक अंतरापुरतं, काही देशभर. कर्नाटक-महाराष्ट्र सीमा या शब्दांत कुठंच येत नाही, पण एक पत्ता की अनेक, हे येतं. डीलरनं फोनवर "चालतंय हो" म्हटलं तर तेवढ्यावर थांबू नका, ईमेलवर लिहून घ्या. रिमोट डेस्कटॉपनं घरून वापरण्याबद्दलही हेच.

बिलात सीमा मात्र दिसते. सॉफ्टवेअरवर जीएसटी १८ टक्के. बेळगावच्या कारखान्यानं पुण्याच्या डीलरकडून घेतलं तर आयजीएसटी लागतो, बेंगळुरूच्या किंवा हुबळीच्या डीलरकडून घेतलं तर सीजीएसटी नऊ आणि एसजीएसटी नऊ. रक्कम तेवढीच. पण कोल्हापूरच्या शाखेचा जीएसटी क्रमांक वेगळा असतो, आणि एकीकडं घेतलेल्या लायसन्सचा खर्च दुसरीकडं वाटायचा तर कागदपत्रं कशी करायची, हे सीएला आधी विचारा. वर्ष संपताना विचारून उपयोग होत नाही.

टीमचे आपसातले नियम

सर्व्हर सगळं करू शकत नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका, भिंतीवर कागद लावा, आणि तो मराठी आणि कन्नड दोन्हींत लावा, कारण आपल्या विभागांत दोन्ही बोलणारे शेजारी शेजारी बसतात आणि नियम सगळ्यांना आपल्या भाषेत नीट कळायला हवेत. अर्ध्या तासाहून जास्त उठायचं असेल तर सॉफ्टवेअर बंद करायचं. जेवायला जाताना बंद करायचं. सिम्युलेशनचा लांब रन शक्यतो संध्याकाळी लावायचा, आणि लावताना ग्रुपवर तसं लिहायचं.

एलएमरिमूव्ह ही कमांड एखाद्याच्या नावावरचं लायसन्स जबरदस्तीनं सोडवते. ती दोघांच्याच हातात ठेवा. मशीन हँग होऊन अडकलेलं लायसन्स सोडवणं हे तिचं काम. चालू काम करणाऱ्या माणसाचं लायसन्स तिनं काढायचं नाही, आधी त्याला फोन करायचा: "पाटील, तुमचं उघडं दिसतंय, काम चाललंय का सोडू?" एवढं विचारलं की भांडण होत नाही. एखाद्याच्या मॉडेलचं अर्ध्या दिवसाचं काम न विचारता गेलं तर टीममध्ये पुढं कोणी विश्वासानं लायसन्स सोडत नाही, उलट धरून बसतो, आणि मग कुठलीही ऑप्शन्स फाइल कामाला येत नाही.

डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंगची पोरं इंटर्नशिपला येतात तेव्हा स्वतःच्या लॅपटॉपवर विद्यार्थी आवृत्ती आणतात. शिकायला ती ठीक आहे, ग्राहकाच्या कामाला चालत नाही. काही सॉफ्टवेअर अशा फाइलवर कायमची खूण सोडतं. फुकटच्या क्रॅकबद्दल तर थेट बोलायला हवं. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३ बी नुसार माहीत असूनही बेकायदा प्रत वापरल्यास सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. लायसन्स कमी पडतंय म्हणून एका मशीनवर क्रॅक, हा विचार विभागात कोणाच्या डोक्यात आला तर त्याला हे कलम दाखवा आणि त्याची अडचण खरोखर सोडवा.

आता घ्यायचं की नाही ते ठरवा

टिक काढून झाली, व्ह्यूअर वाटले, टाइमआउट लागला, नियम रुळले. आणखी एक महिना लॉग बघा. तरीही आठवड्यातले बरेच दिवस लाल ओळी येत असतील, आणि त्या वेळी लायसन्स धरलेले सगळे खरंच काम करत असतील, तर बिनदिक्कत घ्या. डिझायनरनं रोज पाऊण तास बसून राहायचं, याची किंमत वर्षाला लायसन्सच्या हप्त्याहून जास्त होऊ शकते.

घेताना सगळीच फ्लोटिंग घ्यायला हवीत असं नाही. दिवसभर कॅडवरच बसणारे दोघं असतील तर त्यांच्या मशीनला बांधलेली लायसन्सं द्या, ती सहसा स्वस्त पडतात. फ्लोटिंग उरलेल्या येत्या-जात्या लोकांसाठी ठेवा. लॉगमध्ये जे दोन जण सकाळी नऊला उचलून सहाला परत करतात, तेच हे दोघं. मॉड्यूलही तपासून घ्या. कमी पडतंय सिम्युलेशन आणि डीलर देतोय पूर्ण पॅकेज, असं होऊ देऊ नका.

नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरवर दीड महिना आधी लावा, कारण कोटेशन, मंजुरी, पैसे आणि नवी फाइल येणं यातच तेवढे दिवस जातात. नवी फाइल आली की जुनीची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये तारखेसह ठेवा, पाळी सुटल्यावर फाइल बदला, एलएमस्टॅट चालवून प्रत्येक मॉड्यूलची संख्या बिलाशी ताडून बघा, आणि दोन वेगळ्या मशीनवर सॉफ्टवेअर उघडून बघितल्याशिवाय घरी जाऊ नका.